फेरफाराची तालीम

सलग तिसऱ्या दिवशी इस्पितळाचे संचालक सी शादली यांनी रौधाला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं आणि पडदा ओढून घेतला.

हातेमचा चहा तसाच निवत राहिला. स्फॅक्स शहरातल्या त्या इस्पितळात अठरा वर्षं संगणकावरच्या नोंदी तोच सांभाळत होता. रौधाला इथे आणून काम शिकवलं तेही त्यानंच. मूळ नोंदींत फेरफार करायचा तर आधी तालीम घ्यायची, काय काय बदलतंय ते नीट पाहायचं आणि सगळं रद्द करायचं. खात्री पटली तरच कायम करायचं, हा धडा त्याचाच.

ती बाहेर आली.

"काय गं, साहेबांशी फारच गुळपीठ जमलंय?"

"कसलं गुळपीठ! एक तालीम बघायची असते त्यांना."

"मला नाही कधी दाखवलीस ती."

"सांगेन ना, हातेम. जरा थांब." तिनं नजर चुकवली.

बढतीच असणार. विभागप्रमुखाची खुर्ची जूनपासून रिकामी होती. ती आपलीच, असं हातेमनं बायकोलाही सांगून ठेवलं होतं.

दुपारी आईचा फोन आला म्हणून रौधा व्हरांड्यात गेली. तिच्या स्क्रीनवर त्या फेरफाराची फाइल उघडीच होती, अगदी शेवटाला. शेवटची ओळ: सगळं रद्द.

हातेमनं आजूबाजूला पाहिलं, वाकला आणि 'रद्द' खोडून 'कायम' लिहिलं. वरचं वाचायला वेळ नव्हता, गरजही वाटली नाही. मूळ नोंदी विस्कटल्या की साहेबांना कळेल, आपण कुणाला डोक्यावर घेतलं ते.

चार वाजता ती लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये शिरली. हातेम लवकरच घरी निघाला. कित्येक दिवसांनी त्याला झोप छान लागली.

सकाळी त्यानं फाटकाच्या यंत्रावर कार्ड टेकवलं. लाल दिवा. पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल.

"हातेमभाऊ, तुमचं नावच दिसत नाही यात," पहारेकरी ओशाळून म्हणाला. "कर्मचाऱ्यांच्या यादीतूनच गेलंय."

रौधा धावत जिना उतरून आली. रडून डोळे सुजले होते.

"कुठे चुकलं तेच कळत नाही रे! साहेब म्हणतात, झालं ते बरं झालं, आता मागे फिरायचं नाही. तीन दिवस मी त्यांना तालमीत हेच तर दाखवत होते, हातेम, की तुला काढलं तर इथलं काय काय बंद पडेल."