महाराणीचं अंडं

"घातलं! महाराणीनं अंडं घातलं!" सुतार खुराड्यातूनच ओरडला. "कवच बघ, कसं टणक आहे!"

लेक कडेवर बाळ घेऊन आली. तिनं अंड्यावर टिचकी मारली आणि हसली. "आता पटलं हं, बाबा."

बाळानं आजोबांचं बोट धरलं आणि थेट तोंडात घातलं. दात येत होते, दिसेल ते चावायचं.

काही महिन्यांपूर्वी याच कोंबड्या माना टाकून बसायच्या. पाय लटपटायचे, अंडी हातातच फुटायची. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर त्यात शिसं! त्यांनी मातीचे, खुराड्याचे नमुने नेले. लेकीनं फोनवर ठणकावलं, "हे विष जाईपर्यंत बाळाला आणणार नाही." नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं, सुताराला घास गोड लागेना.

शिसं म्हटल्यावर लांब कशाला जायचं? कुंपणापलीकडे बॅटऱ्या दुरुस्त करणारा होताच.

"साप सोडून भुई धोपटताय, काका," तो कुरकुरला.

पण सुतार हात धुऊन मागे लागला. शेवटी बॅटरीवाल्यानं गाशा गुंडाळला. जाताना जाळीचं दार तेवढं टाकून गेला. सुतारानं ते खुराड्याला बसवलं. फुकटचं कोण सोडतो?

खुराड्याचं जुनं दार निघालं. कधीकाळी ते लेकीच्या खोलीचं होतं. अस्सल सागवान, हिरवा रंग. चांगलं लाकूड टाकायचं सुताराच्या जिवावर आलं. त्यानं त्याचा पाळणा केला आणि रंग मुद्दाम तसाच ठेवला. लेकीनं पाहताक्षणी ओळखला. तिचे डोळे भरून आले. कोंबड्या सुधारल्या, नातू घरी आला, सुताराला आणखी काय हवं होतं?

बाळाला झोपवायला लेक आत गेली, तेवढ्यात फाटकाशी डॉक्टरीणबाई आल्या.

"या, या! ताजं अंडं खाऊन जा. बॅटरीवाला गेला आणि पीडा टळली बघा."

"त्याचा काही दोष नव्हता, काका. अहवाल आलाय. माती तेव्हाही स्वच्छच होती. शिसं खुराड्याच्या दारावरच्या जुन्या हिरव्या रंगात होतं. कोंबड्या त्याचेच पापुद्रे टोचत होत्या. ते दार कुठंय?"

सुतार घराकडे वळला.

"बाबा, गंमत बघायला या!" आतून लेक खळखळून हसली. "पाळण्याचा कठडा सोडतच नाहीये हा. ओठ बघा, कसे हिरवेगार झालेत!"