सैल सोडलेला लगाम

“अगं, घट्ट धर लगाम!” कुंपणापलीकडून मुक्ताची आई ओरडली. मुक्ताने लगाम ताणला आणि घोडी वाऱ्यासारखी सुटली.

मुलांना घोडेस्वारी शिकवणारे अंबादासकाका पुढे धावले. याच सौदामिनीवर बसून त्यांनी डर्बी जिंकली होती. शर्यती संपल्यावर तिला रायडिंग स्कूलमध्ये त्यांनीच हट्टाने आणलं होतं. पुन्हा उधळली तर विकून टाकीन, असं मालकीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं.

मुक्ताच्या वळलेल्या मुठी दिसल्या आणि काकांना उमगलं. शर्यतीत लगाम ताणला की घोडी आणखी जोरात पळते. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की मुलांना सांगायचंच राहिलं होतं.

“मुक्ते, मुठी उघड! हात तिच्या मानेवर ठेव!”

“पडेन ना, काका!”

“नाही पडणार. ठेव बघू.”

तिने डोळे मिटून हात सैल सोडले. सौदामिनीची दौड मंदावली, दुडकी चाल झाली आणि काकांपाशी येऊन ती थांबली.

“काका, ही उधळली नव्हतीच,” मुक्ता धापा टाकत म्हणाली. “ही माझं ऐकत होती!”

मालकीणबाई फाटकाशी उभ्या होत्या. “उद्या हे सगळ्या मुलांना शिकवा,” त्या म्हणाल्या. “हिच्यावरच.”