क्रेसेंझबाईंच्या हातची चव

"सारण आधी की कणीक आधी, आई?" रोसविटाने विचारलं.

"कणीक आधी. तिला मुरायला वेळ नको? एवढं विसरले असेन असं वाटलं होय गं तुला?" क्रेसेंझबाई बाह्या सरसावत सुनेला म्हणाल्या.

मध्यंतरी शेगडी चालूच ठेवून त्या चर्चला गेल्या होत्या. तेव्हापासून वरच्या मजल्यावर राहणारा मुलगा गेबहार्ट उठता-बसता वृद्धाश्रमाचं नाव काढत होता. शेवटी तोडगा त्यानेच काढला. "गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीची माउलटाशन तू एकटीने कर. डोकं जागेवर आहे का बघू, मग ठरवू. रोसविटा नुसती शेजारी उभी राहील."

माउलटाशन म्हणजे सारण भरलेल्या कणकेच्या घड्या. उपासाच्या दिवसांत मांस त्यांत दडवायचं आणि देवाच्या डोळ्यांत धूळ फेकायची, ही दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेनची जुनी लबाडी. बाईंच्या सारणाची गावभर ख्याती होती. पण सून घरात आल्यापासून त्यांनी तिला ताकास तूर लागू दिली नव्हती. नेमकी वेळ आली की तिला तळघरातून बटाटे आणायला पिटाळत.

आज मात्र सगळं आठवतंय हे दाखवायचं होतं. त्या एकेक गोष्ट मोठ्याने सांगत होत्या.

"शिळा पाव दुधात भिजवायचा, पाण्यात नाही. पालक हात दुखेपर्यंत पिळायचा. जायफळ जेमतेम. आणि ही लिंबाची साल. फक्त पिवळी किसायची, पांढरी आली की कडू."

"अय्या, म्हणजे ही साल होती तर!"

"मग? बटाटे काय उगीच आणायला लावत होते?" बाई खुदकन हसल्या.

"आणि पाणी खळखळ उकळू द्यायचं?"

"वेडी आहेस का? फाटतील सगळी. पाणी नुसतं थरथरलं पाहिजे."

सून मान डोलवत होती, बारीकसारीक विचारत होती. मुलापुढे ही आपल्या बाजूने साक्ष देईल, असं बाईंना वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तिच्याबद्दल माया वाटली. आपण हिला उगाच छळलं, असंही वाटून गेलं.

"दमलात. आता पडा जरा," रोसविटा म्हणाली. "पुढचं मी बघते."

संध्याकाळी तिनेच वाढलं. गेबहार्टने सूपमधलं एक माउलटाशन उचललं, सावकाश चावलं, डोळे मिटले.

"तीच चव, आई. तसूभर फरक नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "मग राहू ना रे मी इथेच?"

"तुझी अजून पातेल्यातच आहेत, आई. ही रोसविटाने केलीत, दुपारी, वरच्या स्वयंपाकघरात. ईस्टर झाला की मंगळवारी सोडतो तुला तिकडे."