जुन्या पिढीचा शेवटचा नग

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान, काउंटरवर दोन डब्या आणि समोर बाप-लेक. डब्यांमध्ये प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. एक जुन्या पिढीचा, एक नव्या पिढीचा. घशाच्या ऑपरेशनात बाबांचा आवाज गेला होता. त्याआधी तो रेकॉर्ड करून ठेवल्यामुळे घरचा कॉम्प्युटर त्यांच्यासाठी बोलायचा. ते टाइप करायचे, तो त्यांच्याच आवाजात वाचायचा. गेल्या आठवड्यात त्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर जळाला आणि बाबा दुसऱ्यांदा मुके झाले. बोलणारा प्रोग्राम जुन्या पिढीवरच चालतो, आणि लेकीच्या शाळेचे नवे धडे नव्या पिढीवरच.

“नवाच घ्या हो,” दुकानदार म्हणाला. “जुनी पिढी नुसती कुरकुरते, आमच्या घरीच बघतो ना मी! शिवाय हा शेवटचा नग. उद्या बिघडला तर दुसरा कुठून आणू?”

बाबांनी वहीत लिहिलं, ‘नवा घे. तुझी शाळा बुडायला नको.’

“आणि तुमचा आवाज?”

‘तू ऐकला आहेस. तेवढं पुरे.’

लेकीचे डोळे भरून आले. तिने त्यांच्या हातातून वही ओढून दप्तरात कोंबली आणि जुन्या प्रोसेसरची डबी दुकानदाराकडे सरकवली.

“काका, हाच द्या. घरी गेल्यावर बाबांना माझ्यावर ओरडायचंय.”