नव्या सुनेची फेरी

१९६४ साली कौसल्या मंगळवेढ्याच्या उघड्या माळावरून लग्न होऊन कोकणात आली. सासरची रीत अशी, की नव्या सुनेने पुढे आणि घरच्यांनी मागे चालत, शेकडो वर्षं राखलेल्या देवराईला फेरी घालून देवळापाशी परतायचं. वाट कुणी सांगायची नाही. चुकली, तर सुनेने ते जन्मभर ऐकून घ्यायचं.

"वहिनी, तुमच्या गावातली झाडं बोटांवर मोजता येतात ना?" नणंदेने मागून विचारलं.

गर्द झाडीत वाटेला दोन फाटे फुटले, दोन्ही सारखेच मळलेले. पुण्यात वाढलेल्या नवऱ्याने खोकून डावीकडे खूण केली.

"खोकल्याला काढा घरी देईन," सासूबाईंनी त्याला दटावलं.

कौसल्याने झाडं न्याहाळली. डावीकडच्या बुंध्यांची साल खरखरीत होती. उजवीकडची मात्र हाताच्या उंचीवर गुळगुळीत झाली होती. फेरी घालणारे पिढ्यान्‌पिढ्या झाडांना हात लावून नमस्कार करत गेले असणार. ती उजवीकडे वळली.

देऊळ दिसताच सासरे मुलाला म्हणाले, "तू आज आम्हाला ओढ्यात नेलं असतंस." मग गुरवाला ऐकू जाईल अशा आवाजात, "ही आमची सून बरं का!"

पुढची अकरा वर्षं, मरेपर्यंत, ते पाहुण्यांना ही गोष्ट सांगत राहिले. सासूबाईंनी कोठीच्या किल्ल्या त्याच वर्षी तिच्या हाती दिल्या. नणंद ठाण्याच्या संसारात रमली. नवरा पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाला. आणि कौसल्या गावची सरपंच झाली. तिने देवराईवर कुऱ्हाड पडू दिली नाही.