मधली जागा

घुमी आणि भिंगरी एका बाकावर आल्या आणि बाई हजेरीपट उघडून बघायला लागल्या. जोड्या हजेरीच्या क्रमाने लावल्या होत्या. या दोघींचं आडनाव आता एकच झालंय, तेव्हा क्रमही पाठोपाठचा येणार, हे बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता बदलावं, तर सगळा वर्ग कान टवकारणार.

घुमीची आई ती लहान असतानाच गेली. तिच्या वडिलांनी सुट्टीत भिंगरीच्या आईशी लग्न केलं. नवी आई लाखात एक. पण घुमी तिला कशानेच हाक मारत नव्हती. काही हवं असलं की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून भांडं वाजवायची. परवाच त्या माउलीने शाळेच्या फाटकाशी बाईंना गाठून हे सगळं सांगितलं होतं. वाट बघायला तिची ना नव्हती, पण पोरगी कधीतरी हाक मारेल ना, एवढंच तिला विचारायचं होतं. बाई काय सांगणार कपाळ!

काम सोपं होतं. डब्याचं झाकण ठेवून एकाच कागदावर दोन वर्तुळं काढायची, एकमेकांवर थोडी चढलेली. जे फक्त आपलं, ते आपल्या वर्तुळात. जे दोघींचं, ते मधल्या जागेत. नदी आणि तळ्याची तुलना उद्या. आज हात बसावा म्हणून स्वतःचीच.

भिंगरी सुचेल ते लिहीत सुटली. कुरळे केस. पालीची भीती. गाणं. आणि अगदी कडेला, आई. पोरीच्या मनात पाप नव्हतं, पण घुमीची पेन्सिल थांबली. बाई लांबून बघत होत्या. त्यांना स्वतःचाच राग आला. कुठून बुद्धी झाली आणि हा खेळ काढला!

त्या बाकापाशी गेल्या. मधली जागा कोरी होती.

"दोघींचं सारखं काहीच नाही?" त्यांनी जपून विचारलं.

घुमीने खोडरबर घेतलं आणि आपलं वर्तुळ पुसायला लागली. पार सगळं. भिंगरीचा चेहरा पडला. बाईंना वाटलं, झालं, पोरीने अंगच काढून घेतलं.

मग घुमीने झाकण बाजूला सारलं आणि नुसत्या हाताने नवं वर्तुळ काढायला घेतलं. वेडंवाकडं, भलंमोठं. ते भिंगरीच्या केसांवरून गेलं, गाण्यावरून गेलं. पालीची भीतीही त्यात आली. घुमीने ती खुशाल येऊ दिली. रेघ पार पलीकडच्या कडेपर्यंत नेऊन तिने फिरवून आणली.

"अगं, एवढं मोठं कशाला?"

"त्याशिवाय आई आत येत नव्हती, बाई," घुमी म्हणाली.