बसलेल्या, डावीकडून

टेबलावर नऊ फोटो मांडले होते. कंपनीच्या वर्धापनदिनाच्या पार्ट्यांचे, लागोपाठ नऊ वर्षांचे. आता कंपनीला पन्नास वर्षं झाली म्हणून ते स्वागतकक्षाच्या भिंतीवर लागणार होते, आणि त्यातली माणसं ओळखायला ऑपरेटरबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. टेलिफोनच्या बोर्डावर बाईंनी उमेदीची वर्षं काढली होती. निवृत्त होऊन जमाना झाला, पण एकही नाव त्या विसरल्या नव्हत्या.

प्रसिद्धी विभागातली चष्मेवाली फोटोंखालच्या ओळी लिहीत होती. पहिल्याखाली तिनं आधीच लिहून टाकलं होतं, ‘एक कंपनी, एक कुटुंब.’

“किती हौसेनं वाढताहेत ना सगळ्याजणी!” ती म्हणाली.

“हौस? नीट बघ गं. एका तरी बाईच्या तोंडात घास आहे का?”

चष्मेवाली पुढे वाकली. आठ फोटोंत साहेबलोक खुर्च्यांवर, मांडीवर केकच्या बश्या, हसून हसून बेजार. मागे टायपिस्ट, कारकून, ऑपरेटर, झाडून साऱ्या बायका ट्रे धरून उभ्या. घास एकीच्याही तोंडात नव्हता.

“दिवसभर काम करायचं, संध्याकाळी यांना वाढायचं, आणि उरलंसुरलं उभ्याउभ्या गिळून घरी पळायचं. हे तुमचं कुटुंब!”

नवव्या फोटोत सगळंच उलटं. बायका खुर्च्यांवर ठाण मांडून बसलेल्या, घासांनी गाल फुगलेले. मधोमध तरुण ऑपरेटरबाई, चपला काढून, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून. मागे साहेबलोक रिकाम्या बश्या घेऊन उभे. चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे.

तेवढ्यात चष्मेवालीचे साहेब दारातून डोकावले. “झालं का? आणि तो नववा काढून टाका. फोटोग्राफरनं घोळ घातलाय त्यात.”

“तो बिचारा काय घालणार?” बाई म्हणाल्या. “घोळ आम्ही घातला होता. ठरवून. त्यापायी मला सहा वर्षं गोदामात टाकलं. तिथं टेलिफोनच नव्हता.”

“जाऊ द्या हो बाई, जुनं कशाला उकरायचं? भिंतीवर कसं प्रसन्न काहीतरी हवं.”

“मग हाच लावा की! नऊ फोटोंत मी हसतेय ती एवढ्या एकातच. हा नसेल, तर बाकीच्या आठांतली माणसं तुमची तुम्ही ओळखा.” बाईंनी पर्स उचलली.

साहेबांनी विषय झटकला. “ते नंतर बघू,” म्हणून ते चष्मेवालीकडे वळले. “पाहुणे आलेत. सहा कप चहा घेऊन ये. तूच आण, बरं दिसतं.”

चष्मेवाली सवयीनं अर्धी उठलीच. मग तिची नजर फोटोतल्या त्या उघड्या पायांवर गेली. ती परत बसली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

“चहाचं मशीन बाहेर डाव्या हाताला आहे, सर. मी काम करतेय.”

साहेब दारात तसेच उभे राहिले. तिनं नववा फोटो पुढ्यात घेतला, खाली लिहिलं, ‘बसलेल्या, डावीकडून’, आणि पेन तसंच धरून बाईंकडे बघितलं.

बाईंनी पर्स खाली ठेवली. चपला काढल्या आणि पाय समोरच्या रिकाम्या खुर्चीवर टाकले.

“सांगते, लिही,” त्या म्हणाल्या. “उभे आहेत त्यांची नावं काही मला आठवत नाहीत.”